नरडाण्याचें स्टेशन आणि नागरिकत्वाचा धडा

जागतिकीकरण, राष्ट्रवाद, अस्मिता आणि नागरिकत्व हे चार शब्द माध्यमिक शाळेंतील मुलें पाठ करतात, परीक्षेंत उतरवितात आणि विसरून जातात. दोष केवळ मुलांचा नव्हे. मीही कैक वर्षें फळ्यावर व्याख्याच लिहीत असें. पुढें मात्र नरडाण्याच्या स्टेशनावरून हा विषय शिकविणें मला अधिक सोपें वाटूं लागलें.

सुरत-भुसावळ लोहमार्ग धुळें जिल्ह्यांतील आमच्या नरडाण्यावरून जातो. आसपासच्या काळ्या जमिनींत कापूस पिकतो. त्यांतलें एक बोंड टेबलावर ठेवून मी मुलांस अमेरिकेंतील यादवी युद्धाची हकीकत सांगत असें. १८६१ सालीं तें युद्ध पेटलें, उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें रोखलीं, लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेना आणि त्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. खानदेशांत भाव चढले, कापसाचा पेरा वाढला. १८६५ सालीं युद्ध संपलें, भाव कोसळले. मुंबईचा शेअरबाजारही त्याच वर्षीं बुडाला. ज्या शेतकऱ्यानें अमेरिकेचें नांवही ऐकलें नसेल, त्याच्या घरची दिवाळी तेथील लढाईनें ठरविली! जागतिकीकरण हें मोबाईलबरोबर आलेलें नाहीं, एवढें मुलांस या बोंडावरून पटतें.

राष्ट्रवादासाठीं त्याच मार्गानें नंदुरबारास जावें. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं शिरीषकुमार मेहता हा पंधरा वर्षांचा विद्यार्थी तिरंगा घेऊन मिरवणुकींत निघाला आणि पोलिसांच्या गोळीबारांत पडला. लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्यामदास शहा हेही त्याच दिवशीं गेले. शिरीषकुमारची घरची भाषा गुजराती होती. घरीं अहिराणी आणि शाळेंत मराठी बोलणाऱ्या आमच्या मुलांस, भाषेवरून देशभक्ति मोजूं नये हें मग निराळें सांगावें लागत नाहीं.

खरी अडचण पुढें येते. नरडाण्यास औद्योगिक वसाहत झाली. बाहेरच्या राज्यांतील मजूर आले. नववीच्या एका मुलानें वर्गांत विचारलें, “गुरुजी, हे लोक आमचीं कामें घेतात. यांना परत कां पाठवीत नाहींत?” कित्येकांनीं माना डोलावल्या. मी त्यास रागें भरलों नाहीं. त्याच्या थोरल्या भावास काम मिळत नव्हतें आणि तें दुःख खोटें नव्हतें. मीं एवढेंच विचारलें, “सुरतेस कोणाकोणाचे नातलग आहेत?” निम्म्याहून अधिक हात वर झाले. त्यांत त्याचाही होता. सुरतेच्या उधना, लिंबायत भागांत खानदेशी कुटुंबें मोठ्या संख्येनें राहतात. पोटासाठीं याच गाडीनें गेलेलीं. “तेथील एखाद्या मुलानें आपल्या गुरुजींस हाच प्रश्न केला तर?” वर्ग गप्प झाला.

मग मीं राज्यघटना उघडली. १९व्या अनुच्छेदानें भारतीय नागरिकास देशांत कोठेंही जाण्याचें, राहण्याचें आणि व्यवसाय करण्याचें स्वातंत्र्य दिलें आहे. त्यावर कायद्यानें वाजवी निर्बंध घालतां येतात. आपलें नागरिकत्वही एकच, भारताचें. महाराष्ट्राचें किंवा गुजराथचें निराळें नागरिकत्व नाहीं. अर्थात् एवढ्यानें त्याच्या भावास नोकरी लागली नाहीं, हेंही मीं कबूल केलें. कामाची टंचाई हा खरा प्रश्न आहे. तो सरकारास व कारखानदारांस विचारावा, रेल्वेंतून उतरणाऱ्या मजुरास नव्हे, असें माझें मत मीं सांगितलें. तें सर्वांस पटलें असें म्हणवत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं तोच मुलगा मधल्या सुटींत आला. त्याचा काका अठरा वर्षें सुरतेस राहत होता, पण मतदारयादींत नांव अजून गांवींच होतें; निवडणुकीस तो गाडी पकडून येई. हें बरोबर कीं चूक? कायद्याप्रमाणें नांव एकाच मतदारसंघांत असावें आणि मनुष्य सामान्यतः जेथें राहतो तेथें असावें, असें मीं सांगितलें. “पण गुरुजी, शेत तर इथेंच आहे ना!” तो म्हणाला. त्यावर वर्गांत वाद सुरू झाला, आणि घंटा वाजली तरी कोणी जागचें उठेना.