मरगळलेली तलंग

अंगणात चरणाऱ्या कळपातील एखादी तलंग, म्हणजे अद्याप अंडी देऊ न लागलेली तरुण कोंबडी, एके सकाळी खुराड्याबाहेर येत नाही. आलीच तर पिसे फुलवून, पंख सैल सोडून आणि डोळे अर्धवट मिटून कोपऱ्यात उभी राहते. दाणे टाकले तरी धावत नाही. कोंबडीला मरगळ आली, असे घरची माणसे म्हणतात. परंतु मरगळ हा काही रोग नव्हे; अनेक भिन्न रोगांचे ते समान चिन्ह आहे. दुबळ्या पक्ष्याला कळपातील इतर पक्षी टोचतात, त्यामुळे कोंबडी आपला आजार शक्य तोवर लपविते. मरगळ डोळ्यांना दिसते तेव्हा आजार बहुधा आधीच सुरू झालेला असतो.

अशी तलंग प्रथम वेगळी करावी. कोरड्या, वारा न लागणाऱ्या जागी डालग्याखाली ठेवणे पुरेसे होते. कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ अंश सेल्सिअसच्याही थोडे वर असते. उपाशी पक्ष्याला एवढी ऊब राखणे जड जाते व म्हणूनच तो पिसे फुलवितो. थंडीत त्याला ऊब द्यावी. भर उन्हाळ्यात चोच उघडून धापा टाकणाऱ्या कोंबडीला मात्र सावली आणि गार पाणी हवे. स्वच्छ पाणी व मऊ ओलसर खाद्य जवळ ठेवावे. पाणी बळेच घशात ओतू नये, ते श्वासनलिकेत उतरण्याची भीती असते. निरोगी कोंबड्यांचे काम आधी उरकून मग आजारी कोंबडीकडे जावे आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

डालग्याखाली जुने वर्तमानपत्र अंथरले तर विष्ठा स्पष्ट दिसते, आणि निदानाचा पहिला धागा तेथेच सापडतो. विष्ठेत रक्त आणि तुरा फिकट, असे दिसल्यास रक्ती हगवणीची शंका घ्यावी. आयमेरिया नावाचे सूक्ष्म परजीवी आतड्याच्या अस्तरात वाढतात व ते अस्तर फोडून बाहेर पडतात. विष्ठेतून पडलेली त्यांची बीजे ओल व ऊब मिळाल्यास एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात. म्हणून पावसाळ्यातील ओले खुराडे फार घातक. या रोगावर पाण्यातून अँप्रोलियम देतात. त्याच्या रेणूची घडण ब-१ जीवनसत्त्वासारखी असल्याने परजीवी फसतो व खऱ्या जीवनसत्त्वाला मुकतो. साहजिकच त्याच वेळी ब-१ युक्त शक्तिवर्धक पाजले तर औषध निष्प्रभ होते! मात्रा पशुवैद्याकडूनच घ्यावी.

हिरवी विष्ठा अधिक फसवी असते. उपाशी पक्ष्याची विष्ठाही पित्तामुळे हिरवी होते. तिच्याबरोबर ताप असेल तर खुराड्याच्या भिंती तपासाव्यात. पूर्ण वाढलेली चपटी गोचीड दिवसा फटींत दडते आणि रात्री रक्त पिते, त्यामुळे दिवसा कोंबडीच्या अंगावर काहीच आढळत नाही. तिच्या चाव्यातून मळसूत्राकार जंतू रक्तात शिरतात. वेळीच पेनिसिलिन मिळाल्यास कोंबडी वाचते. परंतु गोचीड अन्नावाचून वर्षाहून अधिक काळ तग धरते, म्हणून फटी लिंपल्याशिवाय रोग हटत नाही.

मान पिरगळणे, धापा टाकणे, पाय लुळे पडणे आणि पाठोपाठ दुसऱ्याही कोंबड्या गळणे, ही लक्षणे मानमोडीची, म्हणजेच राणीखेत रोगाची असू शकतात. १९२६ साली हा रोग जावामध्ये व इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे आढळला. १९२७ साली कुमाऊँच्या डोंगरातील राणीखेत येथे त्याची साथ आली व तेच नाव भारतात रूढ झाले. या विषाणूवर औषध नाही, लस आहे. कोंबडीच्या गर्भयुक्त अंड्यांतून विषाणू पुनःपुन्हा वाढवून तो सौम्य करण्याचे काम कुमाऊँमधीलच मुक्तेश्वर येथील संस्थेत झाले. मात्र लस निरोगी पक्ष्यालाच टोचावी. मरगळलेल्या तलंगेला ती दिल्याने रोग तर बरा होत नाहीच, उलट दुबळ्या पक्ष्यास ती बाधते.

अशा वेळी अनेक घरांत एक घातक व्यवहार घडतो. कोंबडी मरण्याआधी चार पैसे यावेत म्हणून ती आठवड्याच्या बाजारात नेली जाते. गरीब घराची अडचण खरी. पण त्या एका टोपलीतून विषाणू अनेक गावांत पोहोचतो आणि तेथील अशीच घरे नागवली जातात. आजारी पक्षी विकू नये, कापूही नये. मेलेला खोल पुरावा. एकाएकी अनेक कोंबड्या मेल्या तर त्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे. २००६ साली महाराष्ट्रातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा भारतातील पहिला प्रादुर्भाव आढळला, आणि हा रोग माणसालाही होऊ शकतो.

तलंग बरी झाली, तरी तिला भर दिवसा कळपात सोडू नये. काही दिवस दूर राहिलेल्या पक्ष्याला इतर कोंबड्या परका समजून टोचतात. पशुवैद्याने संमती दिल्यावर एखाद्या सायंकाळी, सर्व कोंबड्या झोपेसाठी दांड्यावर बसल्या की, तिला हळूच त्यांच्या शेजारी बसवावे.