बोडका डोंगर हिरवा कसा झाला?

ट्रेक म्हटलं की आपल्याला हरिश्चंद्रगड नाहीतर रतनगडच आठवतो. पण नगरपासून जेमतेम १५-२० किलोमीटरवरच्या हिवरे बाजारच्या डोंगरावर कधी गेलात का?

१९७२ च्या दुष्काळानंतर सरपणासाठी इथली झाडं तुटत गेली आणि डोंगर बोडका झाला. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे गावाने कुऱ्हाडबंदी व चराईबंदी केली, श्रमदान केलं.

आम्ही चौघं पावसाळ्यात चढलो. उतारावर आडवे चर दिसले. मला वाटलं, पाइपलाइन टाकायची असेल! ते निघाले समतल चर. गणित सोपं आहे. १ हेक्टरवर १० मिमी पाऊस म्हणजे १ लाख लिटर पाणी! बोडक्या उतारावरून ते माती घेऊन पळतं. चरात अडलं की मुरतं आणि खालच्या विहिरींना मिळतं. ओल टिकली की आधी गवत येतं, मग झाडं. गवत विळ्याने कापून न्यायचं, गुरं मात्र सोडायची नाहीत. त्यामुळे मुळं वाचतात, ससे-तितरांना आडोसा मिळतो. आमच्या पायाशीच एक तितर भुर्रकन उडाला, चौघंही दचकलो!

ज्याच्या दारात शेळ्या, त्याला चराईबंदी सोपी गेली नसणार. चर खणायला मशीन मिळेल हो, पण कुऱ्हाड खाली ठेवायला सगळ्या गावाला तयार व्हावं लागतं. उन्हाळ्यात हॉस्टेलवर टँकरची वाट बघताना मला आता तो डोंगर आठवतो... आणि आपला चालू राहिलेला नळसुद्धा!