मोटारीचे ब्रेक आणि हवेचा हात



कन्नडच्या माणसाला घाट म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. चाळीसगावला जायची आपली सरळ वाट औट्रम घाटाचीच. घाटात एखादी गाडी गेली की दुसऱ्या दिवशी गावभर एकच वाक्य फिरते : "ब्रेक फेल झाले." पंचनाम्यात पुष्कळदा तेवढेच असते, आणि त्यापुढे चालकाचा निष्काळजीपणा. पण ब्रेक फेल झाले म्हणजे नेमके काय झाले, हे विचारण्याची आपल्याला सवय नाही. मोटार कामगारांच्या संघटनेत माझी हयात गेली, आणि यंत्राचे जे काही ज्ञान आहे ते मिस्त्र्यांच्या शेजारी उकिडवे बसून मिळवलेले आहे. त्या शिदोरीवर आज ब्रेकचा एकच भाग उलगडून सांगतो.

२०२३ साली उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने जड वाहनांना हा घाट बंद झाला. मोठ्या ट्रकांचे आणि एस.टी.चे ब्रेक दाबून भरलेल्या हवेवर चालतात. ते प्रकरण वेगळे. मी बोलणार आहे ते जीप, मोटार आणि छोटा टेम्पो यांविषयी. आपली वऱ्हाडे जातात ती याच गाड्यांतून.

चालकाने पेडल दाबले की एक दांडा मास्टर सिलिंडरमधले ब्रेक ऑइल ढकलतो. ते नळ्यांतून चारी चाकांशी जाते आणि तिथे लायनर ड्रमला, किंवा पॅड डिस्कला, आवळून धरतात. पूर्वीच्या हलक्या मोटारी एवढ्यावर थांबत. पुढे गाड्या जड झाल्या, वेग वाढले, आणि माणसाच्या पायाचा जोर पुरेनासा झाला. तेव्हा १९२७ च्या सुमारास बेल्जममधील आल्बेर देवांद्र या इंजिनिअराने हवेलाच कामाला लावले.

बॉनेट उघडून पाहा. चालकासमोरच्या पत्र्याला ताटाएवढ्या घेराचा एक काळा चपटा डबा बसवलेला दिसेल. त्याला बूस्टर म्हणतात. डब्याच्या मधोमध रबरी पडदा असतो, त्यामुळे पुढे एक आणि मागे एक अशा दोन खोल्या होतात. पाय पेडलवर नसताना दोन्ही खोल्यांतली बरीचशी हवा ओढून घेतलेली असते. दोन्हीकडे सारखेच, म्हणून पडदा स्वस्थ. पेडल दाबताच आतली झडप दोन कामे करते : मागच्या खोलीचा पुढच्या खोलीशी असलेला संबंध तोडते आणि तिच्यात बाहेरची हवा सोडते. पुढे व्हॅक्यूम, मागे हवा. पडदा जोराने पुढे सरकतो आणि मास्टर सिलिंडरच्या दांड्याला रेटा देतो. पाय जिथे थांबला तिथे झडप दोन्ही वाटा मिटते आणि पडदाही थांबतो. म्हणून हलका ब्रेक हलका लागतो, कडक तो कडक.

जोर किती? हवा प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोचा भार टाकते. तेवीस सेंटिमीटर व्यासाच्या पडद्याचे क्षेत्रफळ ४१५ चौरस सेंटिमीटर भरते. दोन खोल्यांतल्या दाबाचा फरक ०.७ किलो धरला तर रेटा होतो सुमारे २९० किलो. जणू तीन क्विंटलची पोती चालकाच्या पायामागे उभी आहेत!

आता हे व्हॅक्यूम येते कुठून? पेट्रोलच्या इंजिनात हवेच्या वाटेवर एक पान असते. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की ते मिटते. इंजिन हवा ओढू पाहते, वाट मात्र बंद. त्या ओढीने मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होते आणि एका नळीने बूस्टरला पोचते. डिझेलच्या इंजिनात साधारणपणे असा अडसर नसतो. ते हवा पोटभर घेते, कमीजास्त होते ते डिझेल. म्हणून तिथे व्हॅक्यूमसाठी वेगळा पंप बसवावा लागतो. आपल्याकडच्या पुष्कळ जीपगाड्यांत तो अल्टरनेटरच्या शेपटाशी असतो. पट्टा तुटला तर चार्जिंगचा लाल दिवा लागतो, आणि त्याच क्षणी व्हॅक्यूमही थांबते. त्या दिव्याला नुसता बॅटरीचा दिवा समजून घाट उतरणारे मी पाहिले आहेत.

पेट्रोल असो की डिझेल, इंजिन बंद झाले की बूस्टरची पुरवणी संपली. नळीवर एकमार्गी झडप असते, ती उरलेले व्हॅक्यूम धरून ठेवते. पण ते दोनतीन वेळा पेडल दाबण्यापुरते. मग पेडल दगडासारखे लागते. ब्रेक गेलेले नसतात, गेलेली असते ती हवेची मदत. पण उतारावर घाबरलेल्या माणसाला हा भेद कसा कळावा? आगगाडीच्या जुन्या व्हॅक्यूम ब्रेकची रचना नेमकी उलटी होती. साखळी ओढली की नळीत हवा शिरे आणि हवा शिरली की ब्रेक लागे. तिथे बिघाडाने गाडी थांबे. मोटारीत बिघाडाने गाडी थांबवणे अवघड होते.

आणि तरीही घाटमाथ्यावर इंजिन बंद करून, न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे चालक आहेत. का? मी अनेक मालकांचे हिशेब पाहिले आहेत. लिटरला अमुक किलोमीटरचा ॲव्हरेज पडलाच पाहिजे, कमी पडला तर पगारातून वजा. अशा माणसाला घाट म्हणजे फुकटचे किलोमीटर वाटतात. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला लागू होता. एकदोन गाड्यांच्या मालकाकडचा चालक सहसा बाहेरच राहतो.

गंमत अशी की ही बचत बहुतांशी खोटी आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की चाकेच इंजिनाला फिरवतात, आणि डिझेलचा पंप इंधन देणे बंद करतो. इंजेक्शनच्या नव्या पेट्रोल गाड्यांतही तेच. कार्बुरेटरच्या जुन्या गाडीत थोडे पेट्रोल जाते, एवढेच. शिवाय फिरते इंजिन गाडीला मागे खेचते ते वेगळेच. दोन टनांची जीप ३०० मीटर खाली आली आणि तिचा सगळा आवेग ब्रेकनेच गिळला, तर त्या उष्णतेवर अठरा लिटर थंड पाणी उकळेल. ती आच लायनर आणि ब्रेक ऑइल यांनीच का सोसावी?

बूस्टर ठीक आहे की नाही हे पाहायला मिस्त्री लागत नाही. इंजिन बंद ठेवून पेडल चारपाच वेळा दाबा. ते कडक होईल. तसेच दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल बोटभर खाली बसले तर हवा कामावर आहे. बसले नाही तर पंप, नळी किंवा पडदा पाहायला हवा. चिरलेली नळी इंजिन चालू असताना बारीक सीं असा आवाज करते, कानानेच सापडते.

उतारावर पेडल अचानक कडक झाले, तर ते पुन्हापुन्हा दाबू नका. प्रत्येक दाबाला उरलेले व्हॅक्यूम खर्ची पडते. एकदाच, दोन्ही पायांचा जोर लावून, दाबून धरा. खालचा गिअर टाका. हातब्रेक बेताबेताने ओढा. गाडी डोंगराच्या अंगाला घ्या. किल्लीला मात्र हात लावू नका. ती काढली तर पुष्कळ गाड्यांचे स्टिअरिंगच कुलूपबंद होते.