सरकीचं तेल बोंडातच ठरतं

सरकीचा एक दाणा घ्या. वरची लव नखाने खरवडा आणि ब्लेडने दाणा मधोमध चिरा. काळसर टरफलाच्या आत घड्या घालून बसलेला पिवळट गर दिसेल आणि त्या गरावर खसखशीहून बारीक काळे ठिपके. हे ठिपके म्हणजे गॉसिपॉलच्या ग्रंथी. किडींनी आपल्याला खाऊ नये म्हणून कपाशीने स्वतःच तयार केलेलं हे विष. घाण्यातून निघणारं कच्चं तेल लालसर काळं असतं ते यामुळेच, आणि शुद्ध केल्याशिवाय ते खाता येत नाही तेही यामुळेच.

वऱ्हाडात, खानदेशात सरकी म्हटलं की आधी दुभत्या जनावरांची पेंड आठवते. पण हिशेब करून बघा. एक क्विंटल कापसाचं जिनिंग केलं, की साधारण 34 किलो रुई आणि साठ-बासष्ट किलो सरकी निघते. त्या सरकीत 16 टक्के तेल असेल तर ते दहा किलोच्या आसपास भरतं, 20 टक्के असेल तर बारा किलोच्या पुढे जातं. क्विंटलमागे दोन-अडीच किलोंचा हा फरक कुठून येतो? काही वाणातून, काही जमिनीतून आणि बराचसा त्या वर्षीच्या हवामानातून.

तेल किती, याइतकंच ते कसं, हेही महत्त्वाचं. सरकीच्या तेलात अर्ध्याहून थोडं जास्त लिनोलेइक आम्ल असतं, जवळपास पाव भाग पामिटिक आणि उरलेल्यात बहुतांश ओलेइक. पामिटिकमुळे तेल कढईत टिकतं, म्हणून गुजरातेतले फरसाणवाले कपासिया, म्हणजे सरकीच्याच, तेलावर भिस्त ठेवतात. मात्र त्याच पामिटिकमुळे ते थंडीत गढूळ होऊन थिजतं. लिनोलेइक वाढलं की तेल पातळ राहतं, पण लवकर खवट होतं.

हे प्रमाण बोंड भरताना ठरतं. फूल उमलल्यापासून बोंड फुटेपर्यंत साधारण 45 ते 50 दिवस जातात आणि बियांत तेल साठतं ते मुख्यतः त्याच्या उत्तरार्धात. या काळात हवा गार असेल तर ओलेइकचं लिनोलेइक करणारं विकर जास्त काम करतं. थंडीत पेशींची आवरणं कडक होऊ नयेत, म्हणून झाडाने केलेली ही तजवीज. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी 1950च्या दशकात वेगवेगळे वाण वेगवेगळ्या ठिकाणी लावून तेल तपासलं, तेव्हा हेच दिसलं: जिथे तापमान जास्त, तिथे तेल कमी असंपृक्त. पावसाळी भागातल्या बियांत गॉसिपॉलही जास्त भरलं.

आता आपलं शिवार बघा. जूनमध्ये पेरलेल्या कपाशीची पहिली बोंडं उबेत भरतात, फरदडीची, म्हणजे हंगाम लांबवून घेतलेल्या शेवटच्या बहराची, बोंडं गारठ्यात. म्हणजे एकाच झाडाच्या पहिल्या आणि शेवटच्या वेचणीचं तेल सारखं नसतं. शिवाय फरदडीच्या सरकीत अपक्व दाणे अधिक आणि बोंडअळीने पोखरलेलेही अधिक. गुलाबी बोंडअळी नुसता धागा खराब करत नाही, ती गरच खाते. मुरमाड रानात बोंड भरताना पावसाने ताण दिला तर दाणा पोचट राहतो. युरिया जास्त पडला तर बियांत प्रथिनं वाढतात आणि तेवढं तेल घटतं. आणि सगळ्यात मोठं नुकसान होतं ते फुटलेल्या बोंडावर अवकाळी पाऊस पडल्यावर. ओल्या सरकीत विकरं जागी होतात, तेल फोडून मुक्त मेदाम्लं तयार करतात. रिफायनरीत ती कॉस्टिकने धुवून काढताना त्यांच्याबरोबर चांगलं तेलही साबणात जातं.

वाण बदलून बरंच साधतं, हेही सिद्ध झालं आहे. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2002 मध्ये एक जनुक शांत करून ओलेइक 15 टक्क्यांवरून 77 टक्क्यांवर नेलं. गॉसिपॉलची गोष्ट जास्त अवघड होती. 1950च्या दशकात ग्रंथी नसलेली कपाशी मिळाली, पण अंगात विष नाही म्हटल्यावर शेतात किडींनी तिचा फडशा पाडला. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या कीर्ती राठोर यांनी 2006 मध्ये त्यावर सुंदर तोड काढली: गॉसिपॉल फक्त बियांत घटवायचं, पानाफुलांत तसंच ठेवायचं. अमेरिकेत 2018 मध्ये त्या कपाशीच्या लागवडीला परवानगी मिळाली.

आपल्याकडे मात्र कपाशी निवडली गेली ती धाग्यासाठी आणि उत्पन्नासाठी. 1970 मध्ये सुरतेत कपाशीचा जगातला पहिला संकरित वाण एच-4 आला, 2002 मध्ये बीटी आलं, पण वाण निवडताना सरकीतलं तेल मागेच राहिलं. खाद्यतेलासाठी परदेशावर अवलंबून असलेल्या देशाला हे परवडणारं नाही. बियाण्याच्या पाकिटावर धाग्याच्या लांबीशेजारी तेलाचा टक्काही छापला गेला पाहिजे. तोवर शेतकऱ्याच्या हातात एक गोष्ट नक्की आहे: पावसात भिजलेली वेचणी आणि फरदडीचा कापूस पहिल्या वेचणीच्या ढिगात मिसळू नका.