घटस्फोटाचा कागद कोणत्या कोर्टात?

कौटुंबिक खटल्याचे कागद मिळवायचे तर तो खटला कोणत्या न्यायालयात चालला हे आधी ठरवावे लागते. मारुंजीसारख्या गावात हेच सर्वांत किचकट. गाव मुळशी तालुक्यातले, तालुक्याचे ठिकाण पौड, पण पोलीस आयुक्तालय पिंपरी-चिंचवडचे. शेजारचे वाकड आणि ताथवडे महापालिकेत, तर मारुंजीची वाढ ग्रामपंचायतीच्या कारभारात झालेली. हिंजवडीच्या आयटी पार्कमुळे येथे उभ्या राहिलेल्या सोसायट्यांत नांदेडपासून नागपूरपर्यंतची कुटुंबे राहतात. त्यामुळे दारावरचा पत्ता मारुंजीचा असला तरी खटला भलतीकडेच चाललेला असतो.

कौटुंबिक न्यायालये 1984 च्या कायद्याने आली. दहा लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहरांसाठी ती स्थापन करणे राज्य शासनावर बंधनकारक आहे. इतरत्र शासनाला गरज वाटेल तशी. पुण्यात असे न्यायालय 1989 पासून आहे आणि आज ते शिवाजीनगरला आहे. त्याची हद्द उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून शासन अधिसूचनेने ठरवते. त्या हद्दीबाहेरच्या गावांतले वैवाहिक दावे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे किंवा जिल्हा न्यायालयात जातात. म्हणून मुळशीतल्या प्रकरणाचा शोध एकाच दारी थांबवू नये. कौटुंबिक न्यायालय आणि जिल्हा न्यायालय या दोन्ही ठिकाणच्या नोंदी पाहाव्यात.

त्यातही हिंदू विवाह कायद्याचे कलम 19 घोळ वाढवते. लग्न जिथे लागले, प्रतिवादी जिथे राहतो, पती-पत्नी शेवटचे एकत्र जिथे राहिले, यांपैकी कुठेही अर्ज करता येतो. 2003 च्या दुरुस्तीनंतर अर्जदार पत्नी असेल तर ती सध्या राहते तेथेही. संसार मारुंजीत, लग्न लातुरात आणि बाई माहेरी सोलापुरात, तर कागद सोलापुरात असण्याची शक्यता चांगलीच असते. पुढे कोणी खटला वर्ग करून घेतला, तर फाइल नव्या न्यायालयात जाते आणि तेथे तिला नवा क्रमांक मिळतो. जुना क्रमांक हातात धरून बसणाऱ्याला मग काहीच सापडत नाही.

एकाच भांडणाचे कागद अनेक ठिकाणी विखुरलेले असतात, हेही बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. घटस्फोटाचा अर्ज एकीकडे, तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. तो पौडला असू शकतो, नाहीतर बाई ज्या दंडाधिकाऱ्यांच्या हद्दीत तात्पुरती राहत होती तेथे. पोटगीचा अर्ज पूर्वी फौजदारी संहितेच्या कलम 125 खाली होई, 1 जुलै 2024 पासून तो नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली होतो. कौटुंबिक न्यायालयाच्या हद्दीत तो तेथेच चालतो, बाहेर दंडाधिकाऱ्यांपुढे. ठरलेली पोटगी थकली की वसुलीची दरखास्त, आणि तिचा क्रमांक पुन्हा वेगळा.

क्रमांक सांगताना त्याच्यापुढचे अक्षर गाळले तर ऐन वेळी खोळंबा होतो. महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांत अर्जांना इंग्रजी अक्षरांचे वर्ग आहेत: घटस्फोट, नांदायला येण्याचा हुकूम असे वैवाहिक अर्ज ‘ए’ वर्गात, मुलांच्या ताब्याचे ‘डी’त, कलम 125 च्या पोटगीचे ‘ई’त. ‘ए’तला आणि ‘ई’तला एकाच आकड्याचा, एकाच वर्षाचा अर्ज अगदी वेगवेगळ्या कुटुंबांचा असू शकतो.

यापेक्षा भरवशाचा तो सीएनआर क्रमांक. ई-कोर्ट्स प्रणालीत नोंदलेल्या प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांची ही ओळख मिळते. आरंभी राज्य आणि जिल्ह्याची अक्षरे, मग न्यायालयाचा संकेतांक, अनुक्रमांक आणि शेवटी वर्ष. तो टाकला की पुढची तारीख किंवा निकालाची स्थिती दिसते. क्रमांक नसेल तर पक्षकाराच्या नावाने शोधता येते, पण तेथे चिकाटी लागते. नावे इंग्रजी लिपीत भरलेली असतात आणि भरणाऱ्याने कोणते स्पेलिंग वापरले ते सांगता येत नाही. पत्नीचे नाव माहेरचे की सासरचे, वडिलांचे मधले नाव आहे की पतीचे, हे सगळे पर्याय चाचपावे लागतात. शिवाय वैवाहिक प्रकरणांतले आदेश संकेतस्थळावर पुष्कळदा उघडतच नाहीत. प्रकरण आहे एवढे कळते, आत काय आहे ते कळत नाही. ही त्रुटी नव्हे, कायद्याचाच कल तसा आहे.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम 22 नुसार अशी सुनावणी बंद दाराआड होते, आणि तिचा वृत्तान्त छापणे हा एक हजार रुपयांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे. न्यायालयाच्या परवानगीने छापलेले उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांचे निकाल तेवढे यातून वगळले आहेत. अमेरिकेतल्या पुष्कळ काउंटींत घटस्फोटाची फाइल तिऱ्हाइतालाही बघता येते. तिकडे राहून आलेल्यांना येथला बंदोबस्त म्हणून नवलाचा वाटतो. आपल्याकडेही नेहमी असे नव्हते. पत्नी रखमाबाईंनी नांदायला यावे म्हणून दादाजी भिकाजी यांनी 1884 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात लावलेला दावा वर्तमानपत्रांतून घरोघरी चर्चिला गेला, आणि त्यातले निकाल आजही कायद्याच्या अहवालांत वाचता येतात.

पक्षकाराला मात्र स्वतःच्या खटल्याचे कागद मिळण्याचा हक्क आहे. फाइल हाती आली की आधी रोजनामा वाचावा. कोणत्या तारखेला कोण हजर होते, काय दाखल झाले, सुनावणी का पुढे ढकलली, हे त्यात ओळीने लिहिलेले असते. दाखल झालेल्या कागदावर निशाणी क्रमांक पडतो. निशाणी 1 म्हणजे मूळ अर्ज. मग लेखी म्हणणे, अंतरिम पोटगीचा अर्ज, तडजोडीची पुरशिस (न्यायालयाला दिलेले लेखी निवेदन), शपथपत्रे. नकलेच्या अर्जात ‘सर्व कागद’ असे मोघम लिहिण्याऐवजी निशाण्या लिहून दिल्या तर वेळ आणि शुल्क दोन्ही वाचते. समुपदेशकासमोर झालेले बोलणे गोपनीय असते, ते नकलेत मिळेल या आशेवर राहू नये.

नकलेचा अर्ज न्यायालयाच्या नक्कल विभागात कोर्ट फी स्टॅम्प लावून करतात. घाई असेल तर अर्जंट नकलेचीही सोय असते. साधी झेरॉक्स आणि प्रमाणित नक्कल यांत फरक असा की दुसरीवर शिक्का, अधिकाऱ्याची सही आणि तारखा असतात: अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. या तारखा पुसट आल्या असतील तर तेथेच बदलून घ्यावे, कारण अपिलाची मुदत मोजताना नकलेसाठी गेलेला काळ वगळला जातो. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत दोन्ही पक्षांना मोफत देण्याचे बंधन हिंदू विवाह कायद्याच्या कलम 23 मध्ये न्यायालयावर घातले आहे. ही तरतूद माहीत नसल्याने कित्येक जण पहिल्याच प्रतीसाठी पैसे मोजतात.

तिऱ्हाइताला, मग तो होणारा जावई असो वा बँक, कारण दाखवून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते आणि ती मिळेलच असे नाही. माहिती अधिकाराचा आडमार्गही चालत नाही. न्यायिक कागद न्यायालयाच्या नियमांनीच मागावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट केले.

निकाली फाइल काही काळाने अभिलेख कक्षात जाते. तेथे कागदांची महत्त्वानुसार विभागणी होऊन किरकोळ कागद मुदतीनंतर नष्ट केले जातात. जुन्या प्रकरणात हुकूमनामा मिळतो पण साक्षीपुरावा मिळत नाही, तो यामुळे. पुण्यातल्या 1989 च्या आसपासच्या खटल्यांत आणखी एक खाच आहे: जिल्हा न्यायालयात दाखल झालेली, पण निकाली न निघालेली प्रकरणे नव्या कौटुंबिक न्यायालयाकडे गेली, तेव्हा दोन्हीकडच्या नोंदवह्या पाहणे आले. अपील झाले असेल तर मूळ कागद वरच्या न्यायालयाने मागवलेले असतात. कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावर अपील मुंबई उच्च न्यायालयात, वरिष्ठ स्तर न्यायाधीशांच्या निकालावर जिल्हा न्यायालयात.

पुनर्विवाहासाठी नुसता हुकूमनामा पुरत नाही. अपिलाची मुदत, म्हणजे हिंदू विवाह कायद्याखालच्या निकालाबाबत 90 दिवस, उलटलेली असावी आणि अपील झालेले नसावे, किंवा झालेले फेटाळलेले असावे. परदेशी व्हिसासाठी प्रमाणित नकलेवर आधी राज्य शासनाची पडताळणी आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल लागते. अपोस्टिलच्या हेग करारात भारत 2005 पासून आहे. करारात नसलेल्या देशांसाठी त्या देशाच्या दूतावासाची मोहर घ्यावी लागते.