स्क्रूड्रायव्हर सटकतो? टोक बघा!

हार्डवेअरच्या दुकानात ही तक्रार रोजची: "स्टार स्क्रूवर स्क्रूड्रायव्हर सटकतो, खाच खराब होते." जर्मनीच्या वेरा कंपनीने यावर लेझर वापरलाय. त्यांच्या 'लेझरटिप'च्या टोकावर लेझरने बारीक, धारदार खरखर उठवलेली असते. ती खाचेत रुतते, त्यामुळे टोक सहज सटकत नाही आणि दाबही कमी द्यावा लागतो.

पण माप चुकलं तर लेझर काय करणार? मी हे सांगायला विसरलो, आणि पीएच २ च्या स्क्रूसाठी पीएच १ नेलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी भांडायला हजर! म्हणून आधी स्क्रूचं माप विचारा. मग काउंटरवर लाकडाचा तुकडा ठेवा, साधा आणि लेझरवाला दोन्ही गिऱ्हाइकाच्याच हातात द्या. किंमत त्यानंतर बोला.