'टेकन इन' म्हणजे अटक की फसवणूक? जाणून घ्या नेमका अर्थ

मध्यंतरी आमच्या डेस्कवर एक इंग्रजी बातमी आली. एक निवृत्त गृहस्थ 'वॉज टेकन इन बाय अ फेक पोलिस ऑफिसर', असं त्यात होतं. रात्रपाळी, घाई आणि समोर 'पोलिस' हा शब्द. मी शीर्षक दिलं, 'ज्येष्ठ नागरिक ताब्यात'. वरिष्ठांनी ते वेळीच रोखलं. त्या गृहस्थांना कुणीही ताब्यात घेतलं नव्हतं, तोतया पोलिसाने त्यांना फसवलं होतं. माझ्या शीर्षकाने फसलेला माणूस थेट आरोपी झाला असता.

'टेक इन'चे अर्थ बरेच आहेत. निराधाराला घरात आसरा देणं, सैल कपडा शिवून घट्ट करणं, ऐकलेलं नीट समजून घेणं आणि खोट्याला खरं मानायला लावणं. पोलिस चौकशीसाठी नेतात तेव्हाही हेच क्रियापद येतं, पण तिथे पुढे बहुधा 'फॉर क्वेश्चनिंग' असतं. फसवणुकीच्या अर्थात 'बाय' येतं आणि त्यामागे फसवणारा माणूस किंवा त्याची थाप. अर्थात, 'टेकन इन बाय हर आंट' म्हणजे मावशीने आसरा दिला की गंडवलं, हे मागचंपुढचं वाचूनच कळतं!

वापरताना एक गोष्ट सांभाळा. सर्वनाम मधे येतं. 'ही टुक मी इन' बरोबर, 'ही टुक इन मी' चूक. बोलण्यात 'डोन्ट बी टेकन इन' म्हणजे 'भुलू नका'.

'चीट' आणि 'टेक इन' यांतही फरक आहे. 'चीट'मध्ये बहुधा काहीतरी लुबाडलं जातं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मधला गुन्हा तोच, पूर्वीचं 420. 'टेकन इन' होण्यासाठी मात्र पैसे जावेच लागत नाहीत, विश्वास बसला की पुरे. 'डिजिटल अरेस्ट'च्या फोनवर समोरचा गणवेश खरा वाटला, त्या क्षणी माणूस 'टेकन इन' झाला. कायद्यात अशी अटकच नाही, हे तोवर लक्षात आलं तर खातं वाचतं. पैसे गेलेच, तर लगेच 1930 वर फोन करायचा.

त्या रात्री मी शीर्षक बदलून 'तोतया पोलिसाच्या थापेला ज्येष्ठ नागरिक बळी' असं केलं. वरिष्ठांनी तेही खोडलं. म्हणाले, "अरे, ते हयात आहेत!" शेवटी 'तोतया पोलिसाने ज्येष्ठाला गंडवले' असं गेलं.